कुंडीतल्या माशा आणि एक तांब्या पाणी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून सध्या दर शनिवारी कुणी ना कुणी इथे बोलतं आहे. कुणी गुडघेदुखीवर बोललं, कुणी मृत्युपत्रावर, कुणी मोबाइलवरच्या फसवणुकीवर. आमचे चिटणीस मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, तुम्ही गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीवर बोलणारे टीव्हीवर चोवीस तास आहेत. मला कुंडीतल्या माशांवर बोलू द्या. ते हसले, पण यादीत नाव घातलं. त्याबद्दल त्यांचे आभार.

विषय हसण्यासारखा वाटतो, पण तो आला कुठून ते आठवा. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यात दोन सूचना आल्या होत्या. पहिली अशी, की गॅलरीतल्या कुंड्यांमुळे बारीक माशा होतात, त्यातून डेंग्यू पसरेल, सबब सर्व सभासदांनी कुंड्या काढून टाकाव्यात. दुसरी अशी, की कुंड्या राहू द्याव्यात, पण दर महिन्याला औषधवाला बोलावून सगळ्या कुंड्यांत सरसकट औषध टाकावं. पाऊण तास चर्चा झाली, आवाज चढले, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. म्हणजे तो पुन्हा येणार आहे आणि आपल्याला हात वर करायचा आहे. त्याआधी माहिती करून घेतलेली बरी.

आपल्या तिन्ही विंगमध्ये अशी बरीच घरं आहेत जिथे मुलं अमेरिकेत किंवा बेंगळुरूला असतात, आणि घरात राहतात दोन माणसं आणि सात-आठ कुंड्या. सकाळी उठून कळी किती उमलली ते पाहायचं, हा त्या घरातला मोठा कार्यक्रम असतो. त्या कुंड्या काढा म्हणणं सोपं आहे. उलट ज्या घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, त्या आईच्या काळजीला 'काही होत नाही हो' म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही. दोन्ही बाजूंचं ऐकायचं तर आधी ती माशी कोण आहे, हे बघायला हवं.

मी शेतकी पदवीधर नाही. पण नोकरीत असताना मावळात, तळेगावच्या बाजूला, गुलाबाच्या पॉलिहाउसांना दिलेल्या कर्जांच्या पाहणीला जावं लागे. तिथे झाडांच्या ओळीत पिवळी चिकट कार्डं टांगलेली असायची. एका शेतकऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "साहेब, हे आमचं पासबुक. कोणता किडा किती जमा झाला ते यावर कळतं." तेव्हापासून या किड्यांकडे बघायची मला सवय लागली.

ही माशी ती नव्हे

घरात उडणाऱ्या सगळ्या बारीक माशांना आपण सरसकट चिलटं म्हणतो. त्यात निदान चार वेगवेगळ्या मंडळी आहेत, आणि चौघींची घरं वेगळी आहेत.

पिकलेल्या केळ्यांवर, आंब्याच्या सालींवर घोंघावते ती तांबूस रंगाची, लाल डोळ्यांची फळांवरची माशी. तिचा कुंडीशी संबंध नाही. फळं झाका, कचऱ्याचा डबा रोज रिकामा करा, ती जाते. बाथरूमच्या भिंतीवर गप्प बसलेली, करडी, केसाळ, छोट्या पतंगासारखी दिसणारी माशी मोरीच्या जाळीखालच्या चिकट गाळात वाढते. तिथे ब्रश मारा. गुलाबाच्या पानाखाली बसणारी, झाड हलवलं की पांढऱ्या भुकटीसारखी उडणारी ती पांढरी माशी. ती पानातला रस शोषते, तेव्हा तिचा बंदोबस्त पानावर करायचा.

आपली आजची माशी चौथी. काळी, दोन ते चार मिलिमीटरची, लांब पायांची, लहानशा डासासारखी दिसणारी. जुन्या माणसांचा घुंगुरटं हा शब्द हिला चांगला बसतो. इंग्रजीत फंगस नॅट म्हणतात, कारण ती बुरशीवर वाढते. तिला धड उडता येत नाही, मातीवर तुरुतुरु पळते, आणि संध्याकाळी दिव्याकडे, टीव्हीच्या पडद्याकडे नाहीतर तुमच्या चहाच्या कपाकडे येते.

आता महत्त्वाचं. ही माशी चावत नाही, रक्त पीत नाही आणि डेंग्यू पसरवत नाही. बाळाच्या पाळण्याभोवती दिसली तर वैताग येणं साहजिक आहे, पण आजाराची भीती नको.

मग सभेत जे डेंग्यूचं बोलणं झालं ते खोटं होतं का? तसंही नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि कुंडीखालची बशी ही त्याची आवडती जागा आहे. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरात आली की कुंडीकडे बघत नाहीत, आधी बशी बघतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बशीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, बशी आठवड्यातून एकदा घासावी लागते. तेव्हा आपण भांडत होतो माशांवरून, आणि खरा धोका होता बशीत.

बटण गुलाबच का?

तक्रारी बहुतेक बटण गुलाबाच्या, म्हणजे मिनिएचर गुलाबाच्या कुंड्यांबद्दल आल्या. त्याला कारण आहे.

हे झाड मुळात चिनी गुलाबाच्या एका खुज्या प्रकारातून आलेलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात लोक ते खिडकीतल्या छोट्या कुंड्यांत लावत होते. रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या ते नजरेला पडलं, आणि जिनिव्हाचे वनस्पतितज्ज्ञ आंरी कोर्व्हाँ यांनी ते जगापुढे आणलं. पुढे कॅलिफोर्नियात राल्फ मूर यांनी सगळं आयुष्य या छोट्या गुलाबांच्या नवनव्या जाती काढण्यात घालवलं. २००९ साली १०२ वर्षांचे होऊन ते गेले. गुलाबाच्या नादी लागलेल्या आमच्यासारख्यांना तेवढाच धीर! सांगायचा मुद्दा, हे खिडकीतलं, कुंडीतलंच झाड आहे. गॅलरीत ते उपरं नाही.

पण त्याची मुळं बारीक असतात आणि वरच्या थरात पसरतात. कलमी मोठ्या गुलाबाला खाली रानगुलाबाचं दणकट मूळ असतं. बटण गुलाब बहुधा फांदीपासून, स्वतःच्याच मुळांवर वाढवलेला असतो. त्यात आपण तो चार-पाच इंचांच्या शोभेच्या कुंडीत ठेवतो, तीही कधी टीपॉयवर, उन्हाविना. कुंडी लहान, ऊन नाही, पाणी रोज. माशीला हवं ते सगळं एका जागी मिळतं.

तिचा हिशोब असा. मादी ओलसर, कुजकट मातीच्या वरच्या थरात शंभर-दोनशे अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळ्या बाहेर येतात. अळी पांढुरकी, पारदर्शक, दोऱ्यासारखी असते आणि डोकं काळं चकचकीत. दोनेक आठवडे ती मातीतली बुरशी, शेवाळ, कुजणारा पाला खाते. ते कमी पडलं की झाडाची केसासारखी बारीक मुळं कुरतडते. मग चार-पाच दिवस कोषात, आणि पुन्हा माशी. उडणारी माशी जगते जेमतेम आठवडाभर. एक फेरा पुरा व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणूनच हवेत फवारा मारून काही होत नाही. आज शंभर मेल्या तरी मातीत पुढची तुकडी तयार असते.

मोठ्या, जोमदार झाडाला या अळ्यांचा विशेष त्रास होत नाही. नुकसान होतं ते नव्या फांदीच्या रोपांचं आणि छोट्या कुंडीतल्या अशक्त झाडांचं. खालची पानं पिवळी पडतात, कळ्या उमलायच्या आधी मान टाकतात, आणि माती ओली असूनही झाड मलूल दिसतं. इथे आपल्या वहिनी आणि भाऊसाहेब काय करतात? 'बिचारं सुकलंय' म्हणून आणखी एक तांब्या पाणी घालतात. मुळं आधीच गुदमरलेली असतात, त्यांना तो तांब्या जड जातो. माती ओली आणि झाड मलूल असं दिसलं की पाण्याचा हात थांबवायचा, एवढं एक जरी आज लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

बोलावणं आपणच पाठवतो

सभेनंतर चिटणीसांच्या परवानगीने आम्ही तिघांनी एक छोटी तपासणी केली. एका विंगमधल्या सहा घरांत, कुंडीच्या मातीलगत एक-एक पिवळं चिकट कार्ड आठ दिवस ठेवलं. दोन घरांत कार्ड जवळपास कोरं राहिलं. तीन घरांत तुरळक माशा. एका घरात मात्र कार्ड काळं झालं होतं. घर नंबर विचारू नका. बँकेतल्या माणसाला खातेदाराचं नाव न सांगण्याची सवय असते. एवढंच सांगतो, की सर्वांत जास्त कुंड्या असलेल्या घराचं ते कार्ड नव्हतं. तिथे गुलाबाच्या चारच कुंड्या होत्या. पण चारही बशा भरलेल्या, आणि मातीवर चहाचा चोथा बोटभर साचलेला.

चहाचा चोथा गुलाबाला चांगला, हे आपल्याकडे घरोघरी मानतात. पण आपला चहा दूध-साखरेचा. तो चोथा तसाच मातीवर टाकला की दोन दिवसांत त्यावर बुरशी येते, आणि बुरशी म्हणजे या माशीची पंगत. टाकायचाच असेल तर तो दोन-तीन पाण्यांत धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, आणि महिन्यातून एखादा चमचा मातीत मिसळा. तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, केळ्याच्या सालीचं पाणी, आंबट ताक, यांचंही तसंच. छोट्या कुंडीत हे सगळं ओतलं की ती कुंडी राहत नाही, खरकट्याची बादली होते.

दुसरं कारण आपल्या सोसायटीच्या खड्ड्यातलं खत. ओल्या कचऱ्याचं खत आपण करतो याचा मलाही अभिमान आहे. पण काही वेळा ते अर्धवट कुजलेलं असतानाच घमेल्याने घरी जातं. तयार खत ओळखायचं कसं? रंग काळपट, हाताला गार आणि भुसभुशीत, वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा, आणि त्यात साल, देठ असं काही ओळखू येता कामा नये. गरम लागलं, आंबूस वास आला, तर खत अजून व्हायचं आहे. चाळून, दोन दिवस उन्हात पसरून मगच कुंडीत घालावं.

तिसरं कारण नर्सरीतून येणारा मातीचा गोळा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, किंवा आपण सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे जातो, आणि फुलांनी भरलेली दोन-चार रोपं घेऊन येतो. पिशवीतली माती बऱ्याचदा चिकट, लाल, घट्ट गोळ्यासारखी असते. तो गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट भरलं, तर कोकोपीट सदा ओलं आणि गोळ्याच्या पोटात पाणी पोचत नाही. बाहेर माशा आणि आत तहानलेलं झाड, असा प्रकार होतो. रोप आणलं की पहिले दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवावं. मग पावसाळा संपल्यावर किंवा थंडीत, गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करावी आणि कुंडी बदलावी. आठ ते दहा इंचांची, खाली मोकळी भोकं असलेली कुंडी या झाडाला पुरते. दोन भाग माती, एक भाग भरड वाळू, एक भाग मुरलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड. पेंड मातीत मिसळायची, वर पसरायची नाही. वर ओली राहिली की तिलाच पांढरी बुरशी धरते.

महिनाभराचा कार्यक्रम

माशा झाल्याच असतील तर काय करायचं? औषधाच्या दुकानात जायच्या आधी स्वयंपाकघरात जा आणि कच्च्या बटाट्याची एक चकती कापा. ती मातीवर दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर रोगी कुंडी सापडली. सगळ्या कुंड्यांना शिक्षा करायची गरज नाही. मुलांना हा प्रयोग जरूर करायला द्या. शाळेच्या प्रकल्पापेक्षा त्यांना जास्त आवडेल.

त्या कुंडीचा वरचा दोन सेंटिमीटरचा थर खरवडून काढा. ही माती गच्चीवर उन्हात पातळ पसरून पूर्ण वाळवा. कुंडीत त्या जागी कोरडी भरड वाळू एक-दोन सेंटिमीटर घाला. माशीला अंडी घालायला ओली माती लागते, कोरड्या वाळूत तिचं काम होत नाही. बशी काढा.

पाणी घड्याळाकडे बघून घालू नका, बोटाने विचारून घाला. वाळूच्या खाली बोटाचं पहिलं पेर मातीत जाऊ द्या. ओलं लागलं तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर सकाळी, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश द्या. रोज अर्धा-अर्धा पेला शिंपडण्याने वरचा थर कायम ओला राहतो आणि खालची मुळं कोरडी राहतात. दुसरी रीत म्हणजे कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्याच्या टबात ठेवायची, खालून पाणी शोषू द्यायचं आणि निथळून मग जागेवर ठेवायची. महिन्यातून एकदा मात्र वरून भरपूर पाणी द्यावं, म्हणजे साठलेले क्षार वाहून जातात.

इथे एक सावधगिरी. कोरडं म्हणजे वरचा थर कोरडा. एप्रिल-मेच्या उन्हात छोट्या कुंडीला रोजही पाणी लागू शकतं, कधी दोनदाही. 'काकांनी पाणी बंद करायला सांगितलं' म्हणून झाड वाळवू नका. झाड फार सुकलं आणि हवा कोरडी असली की पानाखाली लाल कोळी जाळी विणतो, ते दुसरं दुखणं. त्यावर सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारावा.

उडणाऱ्या माशांसाठी पिवळं चिकट कार्ड मातीलगत ठेवा. विकत आणायचं नसेल तर पिवळ्या फाइलच्या कव्हराचा तुकडा आणि त्यावर एरंडेल. उंच टांगू नका, पाली आणि फुलपाखरं अडकतात.

मातीतल्या अळ्यांसाठी कडुनिंबाचं, म्हणजे अझाडिरॅक्टिन असलेलं औषध, लेबलवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत ओतता येतं. दुसरं म्हणजे बीटीआय, बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस नावाचा जिवाणू. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात तो सापडला. डासांच्या अळ्या मारायला तो आपल्याकडेही वापरतात. ही माशी डासाच्याच दूरच्या नात्यातली असल्यामुळे तिच्या अळ्याही त्याने मरतात. माणूस, कुत्रा-मांजर, मधमाशी, गांडूळ यांना अपाय नाही. या दोहोंपैकी काहीही वापरलं तरी आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावं लागतं, कारण आज अंड्यात आहेत त्या अळ्या पुढच्या आठवड्यात निघणार. फेरा महिन्याचा, म्हणून उपायही महिन्याचा. मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याज जातं, तसंच हे. चौथ्या आठवड्यात पुन्हा बटाट्याची चकती लावून पाहा.

मातीतले बाकीचे पाहुणे

कुंडी उपसली की माणसं मातीतल्या प्रत्येक जिवाला घाबरतात. त्यातले बरेच निरुपद्रवी असतात. पाणी घातल्यावर टुणटुण उड्या मारणारे पांढरे कण, ज्यांना स्प्रिंगटेल म्हणतात, ते कुजकं खातात, झाडाला हात लावत नाहीत. गांडूळ तर मित्रच.

इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर निघतात आणि मातीत अंडी घालतात. कच्च्या शेणखतातूनही अशा अळ्या येतात. बटण गुलाबाची मुळं एक हुमणीसुद्धा फस्त करू शकते. कुंडी बदलताना माती चाळून अळ्या हाताने वेचून काढाव्यात. दोन-चार कुंड्यांसाठी याहून चांगलं औषध नाही.

मुंग्यांनी घर केलं असेल तर बहुधा माती फार कोरडी आहे, किंवा झाडावर मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे, ज्याच्या गोड चिकट्यासाठी त्या येतात. कुंडी अर्धा तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवली की मुंग्या निघून जातात. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण मुळांवर आहे. मुळं धुवून झाड नव्या मातीत लावा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. जुनी माती पुन्हा वापरायची असेल तर एप्रिल-मेमध्ये ओलसर करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली झाकून, चार ते सहा आठवडे गच्चीवरच्या उन्हात तापवा. आपल्या गच्चीवर ऊन फुकट आहे, मेन्टेनन्समध्ये धरलेलं नाही.

औषधवाल्याबद्दल

आता दुसरी सूचना, सरसकट औषधाची. इथे मी स्पष्ट बोलणार आहे. सोसायट्यांतून फिरणारे काही लोक कुंडीत चिमूटभर दाणेदार औषध टाकून जातात. पुडीवर नाव नसतं, विचारलं तर 'साहेब, पॉवरफुल आहे' एवढंच उत्तर मिळतं. माळी ज्याला थिमेट म्हणतात ते फोरेट, आणि फवारणीतलं डायक्लोरव्हॉस, ही दोन्ही अत्यंत विषारी औषधं आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या आदेशाने ती ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालेली आहेत. तरी जुन्या सवयीने नाव तोंडात असतं, म्हणून सावध करतो.

फोरेटसारखी दाणेदार विषं मुळांतून पानांत चढतात. आपल्या गॅलरीत गुलाबाच्या शेजारी तुळस असते, कढीपत्ता असतो, गवती चहा असतो. तुळशीचं पान आपण तोंडात टाकतो, कढीपत्ता रोज फोडणीत जातो. माणूस सरसकट टाकत सुटला तर तो झाड बघून टाकणार नाही. कुंडीतून निथळलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या दुपट्यांवर पडतं. रांगणारं मूल मातीत बोट घालतं आणि तोंडात घालतं. ज्या बाळाच्या काळजीने हा विषय निघाला, त्याच बाळाच्या हाताशी आपण विष नेऊन ठेवणार, आणि तेही न चावणाऱ्या माशीसाठी!

माझी सूचना

टीका करून बसणं सोपं, म्हणून पुढच्या सभेसाठी तीन ओळींचा मसुदा देतो. कार्यकारिणीने तो जरूर तपासावा.

एक, गॅलरीतल्या कुंड्या राहाव्यात, पण दर रविवारी प्रत्येक घराने बशा रिकाम्या करून घासाव्यात. जमेल त्यांनी बशा काढूनच टाकाव्यात आणि पाणी टबात द्यावं. गावाला जाताना तर बशी ठेवूच नये.

दोन, सोसायटीच्या आवारात आणि गॅलरीत नाव नसलेलं, लेबल नसलेलं कोणतंही औषध कुणीही आणू नये आणि फिरत्या औषधवाल्याला त्यासाठी गेटवर प्रवेश देऊ नये.

तीन, खड्ड्यातलं खत चाळून, वाळवून, तयार झाल्यावरच वाटावं. ते तयार आहे की नाही हे बघायला दोन सभासद नेमावेत. त्यातला एक मी व्हायला तयार आहे, बिनपगारी.

आता हिशोब बघा. जास्तीचं पाणी आवरलं की माशी जाते, गुलाबाची मुळं कुजायची थांबतात, बशीतला डास जातो आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कपड्यांवर लाल पाणी पडायचं थांबतं. त्या चौथ्या गोष्टीवरून या इमारतीत २५ वर्षं भांडणं झाली, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. त्याशिवाय उन्हाळ्यात टँकरचं पाणी वाचतं, ते वेगळंच. यातल्या कशालाही खर्च नाही, मतदानसुद्धा लागू नये.

आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी माशा दिसल्या तर संकोच न करता शेजाऱ्याला सांगावं. शेजाऱ्यानेही रागावू नये. "अहो, तुमच्या कुंडीत चिलटं झालीत" हे वाक्य भांडणाचं नाही, मदतीचं आहे. एक बटाटा घेऊन दोघांनी मिळून कुंडी बघावी. रोगी कुंडी कदाचित स्वतःच्याच घरात सापडेल. तसं झालं तर हसून सोडून द्यावं.

पिवळी कार्डं मी थोडी जास्त आणून ठेवली आहेत. प्रत्येक विंगसाठी दहा. आज भाषण संपल्यावर दाराशी टेबलावर मिळतील. ज्यांच्या झाडांना खरंच त्रास आहे त्यांनी आधी घ्यावीत, आणि महिन्याने कार्डावर किती माशा होत्या ते चिटणीसांच्या वहीत लिहावं. पुढच्या सभेत आवाज चढवण्याऐवजी ती वही पुढे ठेवू.

बटण गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये करायची आहे. कात्री धरायला कुणाला शिकायचं असेल त्यांनी मला जरूर सांगावं.